फुटी खेळून झाली. आता कोचिंग आणि स्काउटिंगकडे कसं वळायचं?

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या क्लबात मी दहा हंगाम ऑस्ट्रेलियन फुटबॉल, म्हणजे फुटी, खेळलो. बहुतेक सगळे रिझर्व्हजमध्ये, म्हणजे क्लबाच्या दुसऱ्या संघात. मुख्य संघाचा सामना दुपारी असायचा आणि आमचा त्याआधी, कॅन्टीनचे सॉसेज तव्यावर पडायच्या वेळेला. डावा गुडघा दुसऱ्यांदा गेला आणि खेळणं थांबलं. त्याच हिवाळ्यात क्लबाच्या सेक्रेटरीने विचारलं, बारा वर्षांखालच्या पोरांना कोच नाही, येतोस का? गेलो. पुढचे काही हिवाळे त्या पोरांत गेले, आणि मग आमच्या विभागाच्या टॅलेंट संघासाठी शनिवार-रविवार मैदानं फिरून खेळाडूंची टिपणं काढण्यात, म्हणजे स्काउटिंगमध्ये.

एएफएल, म्हणजे फुटीची देशातली सर्वोच्च व्यावसायिक लीग, खेळून निवृत्त झालेल्यांना हे वाचायची गरज नाही. त्यांना विचारायला घरची माणसं असतात. इथेच वाढलेली, किंवा शिकायला येऊन एखाद्या क्लबात रुळलेली आपली मुलंमुली आता तिशीत आली आहेत. गुडघे, खांदे, लहान बाळ, नोकरी, काही ना काही कारणाने खेळ सुटतो आणि शनिवार रिकामा वाटायला लागतो. हे त्यांच्यासाठी.

खेळाडू असताना आपण चेंडूकडे बघायला शिकलेलो असतो. कोच आणि स्काउट या दोघांना चेंडू सोडून बाकीचं बघावं लागतं. खरा बदल एवढाच आहे, पण मला त्याला दोन हंगाम लागले.

फुटी ठाऊक नसलेल्या घरच्यांना हा लेख दाखवणार असाल तर थोडक्यात: लंबगोल मैदान, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, २० मिनिटांची चार क्वार्टर आणि त्यात खेळ थांबलेला वेळ वेगळा. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारला तर गोल, ६ गुण. बाजूच्या खांबांतून गेला तर बिहाइंड, १ गुण. किमान १५ मीटर आलेली किक हवेत झेलली की मार्क, मग कोणी तुम्हाला पाडू शकत नाही. मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटरच्या दरम्यान कितीही असू शकते. आणि ऑफसाइड नाही. कोण कुठेही उभा राहू शकतो, म्हणूनच हा खेळ बघणं इतकं अवघड जातं.

आधी कागद

हे पटकन उरकून टाका. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला राज्य सरकारचा तपास लागतो. व्हिक्टोरियात त्याला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक म्हणतात, स्वयंसेवकांना तो मोफत आहे आणि पाच वर्षं चालतो. क्वीन्सलँडमध्ये त्याचं नाव ब्लू कार्ड. दुसरं, एएफएलच्या कोचएएफएल या व्यवस्थेत नाव नोंदवून फाउंडेशन पातळीचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. त्यापुढे लेव्हल २ आणि लेव्हल ३ आहेत. लेव्हल ३ वरच्या दर्जाच्या स्पर्धांत कोचिंग करणाऱ्यांसाठी असतो, त्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. तिसरं, प्रथमोपचाराचा कोर्स. क्लब खर्च करत असेल तर हो म्हणा, नसेल तरी करा.

कुठली जागा मागायची

क्लबात गेल्यावर लोक सरळ सीनियर संघाच्या सहायक कोचचं पद मागतात. मी उलटं सांगेन. पहिल्या वर्षी दहा किंवा बारा वर्षांखालच्या संघाचा सहायक व्हा, आणि सीनियर संघासाठी रनरचं काम करा. रनर म्हणजे कोचचा निरोप घेऊन मैदानात पळणारा. हे काम कोणालाही नको असतं. पण कोच काय म्हणाला आणि खेळाडूच्या कानात त्यातलं काय शिरलं, यातलं अंतर तुम्हाला फक्त तिथेच दिसतं. ‘जरा सरकून उभा राहा’ असा निरोप घेऊन मी एकदा आमच्या हाफबॅककडे, म्हणजे एका बचाववाल्याकडे, गेलो. तो म्हणाला, कुठल्या बाजूला? मला सांगता आलं नाही. कोचलाही, मागाहून विचारल्यावर, नीट सांगता आलं नाही.

खालून येण्यात कमीपणा नाही, याला दाखले आहेत. ल्यूक बेव्हरिज ११८ एएफएल सामने खेळला, तीन क्लबांत, म्हणजे ठीकठाक कारकीर्द. मग त्याने सेंट बीड्स मेंटोन या हौशी संघाला २००६ ते २००८ अशी सलग तीन विजेतेपदं मिळवून दिली, दर वर्षी एक श्रेणी वर चढत. पुढे कॉलिंगवूड आणि हॉथॉर्नमध्ये सहायक, आणि २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जचा मुख्य कोच म्हणून विजेतेपद. त्या क्लबाला १९५४ नंतरचं ते पहिलंच. ख्रिस फेगन तर वरच्या दर्जाचा एकही सामना खेळला नाही. टास्मानियातली स्थानिक लीग, शाळामास्तरकी, मग क्लबांच्या आतली कामं. ब्रिस्बेन लायन्सने त्याच्या हाताखाली २०२४ आणि २०२५ अशी दोन विजेतेपदं घेतली.

उलट बाजूही बघा. मायकल व्हॉस हा ब्रिस्बेनचा तीन विजेतेपदांचा कर्णधार, हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक मिळवलेला. सहायक म्हणून उमेदवारी न करताच २००९ च्या हंगामासाठी त्याला थेट मुख्य कोच केलं, आणि २०१३ मध्ये काढलं. त्यानंतर तो पोर्ट ॲडलेडमध्ये सात हंगाम सहायक राहिला आणि मग २०२२ मध्ये कार्लटनचा मुख्य कोच झाला. सुरुवातीला टाळलेली उमेदवारी त्याने नंतर केली, एवढंच.

सरावाचा एक तास

लहान मुलांच्या सरावाबद्दल मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी फजिती इथे झाली.

माझा पहिला सराव मी आमच्या जुन्या कोचने घेतला असता तसाच घेतला. मैदानाला दोन फेऱ्या, मग दोन रांगा समोरासमोर, एकाने किक मारायची, समोरच्याने झेलायची, आपल्या रांगेच्या शेवटी जायचं. शिस्तशीर दिसत होतं. एका मुलाची आई कुंपणाला टेकून उभी होती, नर्स होती, सवयीने मोजत असावी. संपल्यावर म्हणाली, ‘त्या पंधरा मिनिटांत माझ्या पोराला चेंडू चार वेळा मिळाला.’ तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. पुढच्या आठवड्यात मी स्वतः मोजलं. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून नियम सोपा ठेवलाय. रांग तीनपेक्षा लांब नको. चेंडू जितके जास्त तितके चांगले. क्लबाकडे सहा असतील तर मुलांना घरून आणायला सांगा. फेऱ्यांऐवजी चार विरुद्ध तीन असा छोटा खेळ लावा. धावणंही होतं आणि डोकंही चालतं. तीन जणांना कायम माणूस कमी पडतो, त्यामुळे कोणाला सोडायचं हे त्यांना ठरवावं लागतं. फुटीतलं अर्धं बचावशास्त्र या एका प्रश्नात आहे.

दोन्ही पायांनी किक मारायला लावा, पण एकदम नको. मुलं नावडत्या पायाने मारताना चेंडू वर फेकतात. चेंडू हातातून पायाकडे सोडायचा तो हाताने खाली नेत, जवळजवळ पायावर ठेवत. हा एवढासा भाग, चेंडू सुटण्याचा, दहा पावलांवरून सुधारता येतो. लांब किकचा सराव देऊन सुधारत नाही.

आणि बोलणं कमी. मला वाटायचं मी थोडक्यात सांगतोय. एकदा बायकोने फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं: सहा मिनिटं. सहा मिनिटं थंडीत उभी असलेली अकरा वर्षांची पोरं!

सामन्याचा दिवस

सीनियर संघात कोचकडे पांढरा फळा असतो, त्यावर १८ जागांवर खेळाडूंच्या नावांची चुंबकं. मंगळवारच्या सरावानंतर कोच तासभर चुंबकं सरकवत बसतो. त्याच्या शेजारी बसून गप्प बघा. जमल्यास, त्याने कोणाला हलवलं आणि लगेच परत ठेवलं ते लक्षात ठेवा. तिथे त्याची शंका असते. मैदानावर मात्र वाऱ्यापावसात फळा उपयोगाचा नाही. जाड प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणि पुसता येणारा मार्कर ठेवा.

क्वार्टर संपल्यावर मुलं भोवती जमली की तुम्ही स्वतः उन्हाकडे तोंड करून उभे राहा. मुलांच्या डोळ्यांवर ऊन आलं की ती तुमच्याकडे बघत नाहीत. दोन गोष्टी सांगा, तिसरी नको. वारा कुठल्या गोलकडे वाहतोय हे त्यांनाच विचारा. ज्या दिवशी तुमच्याआधी त्यांनी सांगितलं, त्या दिवशी तुमचं निम्मं काम झालं.

लहान वयोगटांत गुणतक्ता आणि फायनल नसतात. पालकांना हे पचत नाही, आपल्या पालकांना तर मुळीच नाही. ‘दादा, आमच्या अथर्वला मिडफील्डला खेळवा ना, फॉरवर्डला त्याच्याकडे बॉलच येत नाही.’ हे मी दर हंगामात ऐकलंय, फक्त मुलाचं नाव बदलतं. माझं उत्तर ठरलेलं असतं: या महिन्यात सगळे सगळीकडे खेळणार, कोण कधी कुठे तो तक्ता भिंतीवर लावलाय. तक्ता खरंच लावा. वाद निम्मे होतात.

एका बाबतीत मात्र कोणाचं ऐकायचं नाही. डोक्याला मार लागून कन्कशन झालं असेल, नुसती शंका असेल, तरी मूल त्या दिवशी परत मैदानात जात नाही. कम्युनिटी फुटबॉलमध्ये कन्कशननंतर परतण्याआधी किमान २१ दिवस जावे लागतात, आणि डॉक्टरांची परवानगी वेगळी. फायनल असली तरी. मूल रडलं तरी. वडील तुमच्या ओळखीचे असले तरी.

चेंडूवरून नजर काढणं

मी कोल्हापूरचा. लहानपणी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालमीचे सामने काकांच्या खांद्यावर बसून बघितलेत. तो फुटबॉल वेगळा, गोल चेंडूचा, पण काकांचं एक वाक्य इथे मेलबर्नमध्ये कामाला आलं: ‘बॉल सगळी पेठ बघतीया, तू मागचा गडी बघ.’

करायचं असं. एखादा सामना गोलच्या मागे, जमेल तेवढ्या उंचीवर उभं राहून बघा. बाजूच्या कुंपणावरून दोन्ही संघ मागेपुढे कसे पसरलेत ते दिसत नाही. मोठ्या क्लबांचे कोचही गोलमागच्या कॅमेऱ्याचं चित्रण घेऊन बसतात ते यासाठीच. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे जातो, म्हणून टीव्हीवर बघून हे शिकता येत नाही.

पहिल्या क्वार्टरला फक्त मागचे सहा बघा. दुसऱ्याला एकच खेळाडू. चेंडू कुठेही असो, तुमची नजर त्याच्यावर. पहिल्या पाच मिनिटांत गर्दी ओरडेल आणि तुम्ही मान वळवाल. हरकत नाही, परत या. तिसऱ्या क्वार्टरला चेंडू आपल्या संघाकडून सुटला की पुढची पाच सेकंद बघा: कोण लगेच मागे वळला, कोण कमरेवर हात ठेवून उभा राहिला. २०१९ पासून एएफएलमध्ये मध्यावरून खेळ सुरू होताना दोन्ही संघांना सहा मागे, सहा मध्ये, सहा पुढे असंच उभं राहावं लागतं. तो क्षण नवशिक्याला सोन्यासारखा, कारण तेवढ्या वेळेपुरतं सगळं जागच्या जागी असतं. मग ते कसं विस्कटतं ते बघा.

स्काउटिंग

या शब्दाखाली दोन वेगळी कामं येतात. एक, पुढच्या आठवड्यातल्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास: ते किक-इन, म्हणजे बिहाइंडनंतरची पहिली किक, कुठे मारतात, त्यांचा रक, म्हणजे वर उडालेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच खेळाडू, कुठल्या बाजूला चेंडू टोलवतो, कोणाला मोकळं सोडलं तर महागात पडेल. हे तुम्ही तुमच्याच क्लबासाठी पुढच्याच शनिवारी सुरू करू शकता. एक पानाचा अहवाल द्या. दोन पानं कोणी वाचत नाही.

दुसरं म्हणजे नव्या खेळाडूंची पारख, ज्याला इथे सगळे रिक्रूटिंग म्हणतात. त्याची शिडी माहीत हवी. १८ वर्षांखालची टॅलेंट लीग, व्हिक्टोरियात विभागवार संघांची: वेस्टर्न जेट्स, कॅल्डर कॅनन्स, डँडेनाँग स्टिंगरेज, बेंडिगो पायोनियर्स वगैरे. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल आणि डब्ल्यूएएफएल या तिथल्या राज्य लीगच्या क्लबांचे तरुण संघ. त्यावर राज्याराज्यांची अठराखालची राष्ट्रीय स्पर्धा, मग कम्बाइन म्हणजे शारीरिक चाचण्या: २० मीटर धाव, उडी, चपळाई, २ किलोमीटर. शेवटी नोव्हेंबरात राष्ट्रीय ड्राफ्ट, म्हणजे एएफएल क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, जो १९८६ पासून चालू आहे. ड्राफ्टच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १८ पूर्ण होणारा खेळाडू त्यात येतो. वडील त्याच क्लबासाठी १०० सामने खेळले असतील तर फादर-सन नियमाने क्लबाला मुलावर पहिला हक्क. एएफएल क्लबांकडे पूर्णवेळ रिक्रूटर थोडे असतात. राज्याराज्यांत फिरून बघणारे बरेच जण अर्धवेळ. तुमचा रस्ता बहुधा विभागाच्या टॅलेंट संघातून जाईल, तिथे मदतीची माणसं कायम कमी असतात.

आकडे तुम्ही मोजायचे नाहीत. वरच्या पातळीवर चॅम्पियन डेटा ही कंपनी किक, हँडबॉल (मुठीने टोलवून दिलेला पास), टॅकल (चेंडूवाल्याला पकडणं) सगळं मोजते. आकडे जे सांगत नाहीत ते तुमच्या वहीत हवं. माझ्या वहीतलं एक पान, नंबर बदलून:

‘२३, हाफ-फॉरवर्ड, सोळाखाली. उजव्या पायावर यायला दोन पावलं जास्त घेतो, बचाववाल्याने हे ओळखलंय. चेंडू जमिनीवर असताना एका हातात उचलतो, ओल्यातसुद्धा. मार्क सोडला, लगेच उठून टॅकल. तिसऱ्या क्वार्टरला बेंचवर बोलावलं, रागावला नाही, शेजारच्याला काहीतरी दाखवत होता. पुन्हा बघायचं: पावसाचं मैदान, मोठा प्रतिस्पर्धी.’

शेवटची ओळ महत्त्वाची. एका सामन्यावर मत द्यायचं नाही. किमान तीनदा, आणि त्यातला एक सामना त्याचा संघ हरताना. मत लिहिताना ‘मला दिसलं’ आणि ‘मला वाटतं’ हे वेगळ्या रंगात लिहा. मी निळा आणि लाल वापरतो.

स्काउटला चुकायची भीती दोन्हीकडून असते. २००६ च्या ड्राफ्टआधी बेंडिगोचा जोएल सेलवूड गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्या वर्षाचा बराचसा भाग खेळलाच नव्हता. सहा जण त्याच्या आधी निवडले गेले. सातव्या क्रमांकावर जीलाँगने त्याला घेतलं. स्टीफन वेल्स तेव्हा त्यांचे रिक्रूटर. सेलवूड ३५५ सामने खेळला, चार विजेतेपदं मिळवली, कर्णधार झाला. जीलाँगने बहुधा गुडघा सोडून बाकीचं नीट बघितलं होतं.

दुसरा दाखला मला जास्त आवडतो. मार्लियन पिकेट डब्ल्यूएएफएलमध्ये साउथ फ्रीमँटलकडून खेळत होता, वय सत्तावीस, म्हणजे रिक्रूटरच्या हिशेबात म्हातारा. २०१९ मध्ये हंगामाच्या मधला ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला आणि रिचमंडने त्याला घेतलं, बोट मोडलेलं असताना. सप्टेंबरात तो रिचमंडच्या दुसऱ्या संघातून व्हीएफएलची, म्हणजे एएफएलच्या खालच्या लीगची, फायनल जिंकला, आणि पुढच्याच आठवड्यात एमसीजीवर एएफएलचा पहिला सामना खेळला: थेट ग्रँड फायनल. तीही जिंकली. त्या व्हीएफएल संघाचा कोच होता क्रेग मॅक्रे, जो स्वतः ब्रिस्बेनकडून तीन विजेतेपदं जिंकलेला खेळाडू, आणि ज्याने पुढे २०२३ मध्ये मुख्य कोच म्हणून कॉलिंगवूडला विजेतेपद मिळवून दिलं, चार गुणांनी. सांगायचं कारण, कोचिंग आणि पारख ही दोन खाती वेगळी वाटली तरी माणसं एकाच मैदानावर भेटतात.

एक पथ्य. आवडलेल्या मुलाशी स्वतः जाऊन बोलू नका, समाजमाध्यमांवर तर नाहीच. तुम्ही क्लबाला सांगा, क्लब पालकांशी बोलेल. मराठी घरातला मुलगा असला आणि वडील गणेशमंडळात रोज भेटत असले तरी ‘तुमच्या पोराचं नाव दिलंय बरं का’ असं पुटपुटू नका. पंधरा वर्षांचं पोर ते ऐकून वर्षभर त्यावर जगतं. मी एकदा पुटपुटलो होतो.

कधी विचारायचं

कोचच्या जागा फेब्रुवारीत शोधायला गेलात तर उरलेलं मिळेल. क्लब पुढच्या वर्षाची माणसं सप्टेंबर-ऑक्टोबरात ठरवतात, सीनियर संघांचा पूर्वसराव बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरात सुरू होतो. अडचण अशी की स्थानिक फायनल्स आणि गणपती बहुतेक वर्षी एकाच सुमारास येतात, आणि ग्रँड फायनल सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी. म्हणून क्लबाच्या अध्यक्षाला किंवा फुटबॉल मॅनेजरला ऑगस्टमध्येच दोन ओळींचा संदेश पाठवा: किती हंगाम खेळलात, कुठला वयोगट चालेल, कुठल्या संध्याकाळी मोकळे आहात. आणि जाल तेव्हा वहीबरोबर जुने टॉवेल न्या. पावसात चेंडू पुसायला ते कुठल्याच क्लबात पुरत नाहीत.